जन्मणाऱ्या महाताऱ्याचा वायू-झोत घरबसल्या कसा मोजायचा

मुंबईत जून लागला की दुर्बिणी कपाटात जातात. वैतागाची गोष्ट अशी, की धनू, वृश्चिक आणि गरुडाच्या खालचा आकाशगंगेचा भरगच्च पट्टा रात्री चांगला वर असतो तो नेमका याच चार महिन्यांत, आणि आपल्या दीर्घिकेतले बरेचसे महातारे जन्माला येत आहेत तेही त्याच पट्ट्यात. पण चिलीच्या अटाकामा वाळवंटात, ५,००० मीटर उंचीवर, ‘अल्मा’ या रेडिओ दुर्बिणीच्या ६६ ॲंटेनांनी नोंदवून ठेवलेल्या माहितीला मुंबईचे ढग आडवे येत नाहीत. ती माहिती फुकट मिळते. लागतो तो बऱ्यापैकी लॅपटॉप, थोडं पायथन आणि बारावीच्या पुढचं भौतिकशास्त्र.

हा लेख बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या किंवा एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यासाठी आहे. नोकरी सांभाळून रात्री हे करणाऱ्यालाही तो चालेल. शेवटी तुमच्या हातात एका आद्यताऱ्यापासून, म्हणजे अजून घडत असलेल्या ताऱ्यापासून, निघालेल्या वायूचं वस्तुमान, संवेग, ऊर्जा आणि वय, असे चार आकडे असतील. लाल-निळं सुंदर चित्र अर्ध्या तासात निघतं आणि त्यावर बहुतेकजण थांबतात. खरं काम वेगाचा शून्य ठरवण्यात आणि आकड्यांच्या दुरुस्त्या प्रामाणिकपणे करण्यात आहे, म्हणून मी जास्त जागा तिथेच खर्च केली आहे.

आपण नक्की काय मोजणार आहोत

सूर्याच्या आठपट किंवा त्याहून जास्त वस्तुमानाच्या ताऱ्याला इथे महातारा म्हणू. तो थंड, धुळीने भरलेल्या रेणुमेघाच्या गाभ्यात तयार होतो. आजूबाजूचा वायू थेट त्याच्यावर न पडता आधी चकतीत येतो, चकतीतून आत सरकतो, आणि त्यातला काही भाग चुंबकीय क्षेत्र व परिवलन मिळून अक्षाच्या दोन्ही दिशांना बाहेर फेकतात. हा मूळ झोत अरुंद आणि वेगवान असतो, सेकंदाला शेकडो किलोमीटर. तो भोवतालच्या थंड वायूत घुसतो आणि त्यालाही पुढे ढकलतो. बाहेर जाणाऱ्या या सगळ्या वायूला बहिर्वाह म्हणू.

कार्बन मोनॉक्साइडच्या वर्णरेषेत आपल्याला दिसतो तो मुख्यतः हा ढकलला गेलेला वायू. दादरच्या पुलावर गर्दीच्या लोंढ्यात सापडलेला माणूस स्वतः पाऊल न टाकता जिन्यापर्यंत पोचतो, तशी या वायूची गत असते. म्हणजे तुम्ही जे वस्तुमान मोजाल ते ताऱ्याने ‘ओकलेलं’ वस्तुमान नव्हे. अहवालात हे पहिल्याच परिच्छेदात लिहा, नाहीतर परीक्षक तिथेच अडवतील.

महाताऱ्यांच्या बाबतीत बहिर्वाहाला आणखी एक महत्त्व आहे. हे तारे वायू गोळा करत असतानाच हायड्रोजन जाळू लागतात. त्यांचा प्रकाश धुळीवर एवढा दाब टाकतो, की वरून पडणारा वायू थांबायला हवा. तो पूर्ण थांबत नाही, याचं एक कारण बहिर्वाहाने अक्षाच्या दिशेने कोरलेली पोकळी. प्रकाश त्या वाटेने निसटतो आणि चकतीच्या प्रतलातून वायू आत येत राहतो.

इतिहास दोन वाक्यांत. १९७६ मध्ये मृग नक्षत्रातल्या तेजोमेघामागे कार्बन मोनॉक्साइडची रेषा अपेक्षेपेक्षा फारच रुंद दिसली, आणि १९८० मध्ये वृषभ राशीतल्या एल १५५१ या मेघात वायू दोन विरुद्ध दिशांना जाताना स्पष्ट ओळखता आला. एल १५५१ मधला तारा छोटा आहे, पण दोन पाकळ्यांचं चित्र तिथून रूढ झालं.

स्रोत निवडा, आणि पहिल्यांदा मृग सोडा

सगळ्यांना मृगातला तेजोमेघच हवा असतो. तो हिवाळ्यात वांगणी-नेरळच्या माळावरून नुसत्या डोळ्यांनी पुसट दिसतो, अंतर सुमारे १,३५० प्रकाशवर्षं, म्हणजे जवळचा. पण त्याच्यामागे दडलेला बहिर्वाह नेहमीच्या प्रकारातला नाही. तिथे सुमारे ५०० वर्षांपूर्वी काही तरुण तारे एकमेकांच्या फार जवळ आले आणि दूर फेकले गेले. त्यातून झालेल्या स्फोटाची बोटं सगळ्या दिशांना पसरली आहेत, आणि वायू जितका केंद्रापासून लांब तितका त्याचा वेग जास्त. दोन पाकळ्या शोधणाऱ्याचा तिथे फक्त गोंधळ होईल.

महातारा जन्मतोय याच्या दोन चांगल्या खुणा आहेत. पहिली, ६.७ गिगाहर्ट्झचा मिथेनॉल मेसर, म्हणजे मिथेनॉलच्या रेणूंकडून लेसरसारखी वर्धित होऊन येणारी रेडिओ रेषा. १९९१ मध्ये सापडलेली ही रेषा फक्त महाताऱ्यांच्या जन्मस्थळीच मिळते, म्हणून ती जवळजवळ पत्त्याच्या पाटीसारखीच वापरली जाते. दुसरी, स्पिट्झर या अवरक्त अवकाश दुर्बिणीच्या चित्रांतले पसरट हिरवे डाग. त्या चित्रांत ४.५ मायक्रॉनला हिरवा रंग दिलेला असतो. धक्क्याने तापलेला हायड्रोजन रेणू त्या पट्ट्यात चमकतो, म्हणून बहिर्वाह जिथे धडकतो तिथे हिरवट धूसर ठिपका उमटतो. २००८ मध्ये अशा तीनशेच्या वर डागांची यादी प्रसिद्ध झाली. ‘अलादिन लाइट’ ब्राउझरमध्येच चालतं. त्यात स्पिट्झरचं रंगीत सर्वेक्षण उघडून हे डाग लोकलमध्ये बसल्या बसल्या मोबाइलवर चाळता येतात.

सरावासाठी ज्याच्यावर आधी भरपूर लिहिलं गेलं आहे असा स्रोत घ्या. आपला आकडा कुणाच्या तरी आकड्याशी ताडून पाहता आला पाहिजे. गरुड राशीच्या भागातला जी ३५.२०−०.७४ उत्तर हा सुमारे २.२ किलोपार्सेकवरचा (१ किलोपार्सेक म्हणजे सुमारे ३,२६० प्रकाशवर्षं) स्रोत अशा कामाला बरा. डब्ल्यू ४३-एमएम १ सारखे गर्दीचे गाभे सुरुवातीला नकोत. ५.५ किलोपार्सेकवरच्या त्या गाभ्यात इतक्या पाकळ्या एकमेकींवर चढल्या आहेत, की कुठली कुणाची हे ठरवण्यातच सुट्टी संपेल.

आणि एक देखणा अपवाद: धनू राशीतला एचएच ८०-८१. सुमारे १.४ किलोपार्सेकवरच्या, सूर्याच्या दहा हजारपट तेजाच्या आद्यताऱ्यातून निघालेला हा झोत कित्येक पार्सेक लांब आहे. २०१० मध्ये त्यातून येणाऱ्या रेडिओ लहरी ध्रुवीकृत असल्याचं सिद्ध झालं, म्हणजे त्यात चुंबकीय क्षेत्रात फिरणारे अतिवेगवान इलेक्ट्रॉन आहेत. लेखाच्या शेवटी तो पुन्हा लागेल.

अर्काइव्हमधून काय उतरवायचं

अल्माच्या सायन्स अर्काइव्हमध्ये स्रोताचं नाव किंवा निर्देशांक टाका. नवी निरीक्षणं साधारण वर्षभर मूळ अर्जदारांसाठी राखीव असतात, नंतर सगळ्यांना खुली. गाळणी लावताना बँड ६ निवडा, म्हणजे २११ ते २७५ गिगाहर्ट्झ. आपल्या कामाच्या बहुतेक रेषा तिथे आहेत: कार्बन मोनॉक्साइड २-१ ची २३०.५३८ गिगाहर्ट्झला, सिलिकॉन मोनॉक्साइड ५-४ ची २१७.१०५ ला, कार्बन-१३ वाल्या मोनॉक्साइडची २२०.३९९ ला, आणि ऑक्सिजन-१८ वाल्याची २१९.५६० ला.

सर्वेक्षणाचं नाव मोठं असलं म्हणून आपली रेषा त्यात असेलच असं नाही. वर्णपटाच्या खिडक्यांची यादी उघडून वारंवारता स्वतः तपासा. ‘अल्मा-आयएमएफ’ या १५ भव्य गाभ्यांच्या प्रकल्पात कार्बन मोनॉक्साइड आणि सिलिकॉन मोनॉक्साइड दोन्ही मिळतात. हजाराहून जास्त गाभे पाहणाऱ्या ‘अल्मागाल’मध्ये भरवसा मुख्यतः सिलिकॉन मोनॉक्साइडचा.

कच्ची माहिती उतरवू नका. ती शेकडो गिगाबाइट असू शकते. तयार केलेले फिट्स घन घ्या. हे घन म्हणजे दोन अक्ष आकाशाचे आणि तिसरा वारंवारतेचा; वारंवारतेच्या एकेका कापाला वाहिनी म्हणतात. ते काही गिगाबाइटचे असतात आणि रात्रभरात घरच्या वायफायवर उतरतात. उघडायला ‘कार्टा’ वापरा, हिशेबाला पायथनमधलं ‘ॲस्ट्रोपाय’ आणि ‘स्पेक्ट्रल-क्यूब’. तिन्ही मोफत आहेत. आठ जीबी रॅमवर काम निभतं, मात्र घन आधी कापून लहान करा: रेषेच्या दोन्ही बाजूंना १५० किलोमीटर प्रति सेकंद एवढाच तुकडा पुरतो.

फाइल उघडल्यावर पहिलं काम शीर्षक वाचण्याचं. स्थिर वारंवारता कोणती दिली आहे, वेग कुठल्या संदर्भचौकटीत आहे, आणि दुर्बिणीच्या झोताचा (बीमचा; ताऱ्याच्या झोताशी याचा संबंध नाही) आकार, म्हणजे विभेदनक्षमता, किती विकला (अंशाचा ३,६००वा भाग) आहे हे वहीत उतरवा. संदर्भचौकट ‘स्थानिक स्थिर मानक’ असायला हवी. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने फिरते, त्यामुळे चौकट चुकली तर तेवढ्या वेगाची गडबड होऊ शकते, आणि बहिर्वाहाचे वेगही साधारण तेवढेच असतात.

वेगाचा शून्य: इथे घाई करू नका

वारंवारतेवरून वेग काढणं सोपं आहे. २३०.५३८ गिगाहर्ट्झजवळ १ मेगाहर्ट्झचा फरक म्हणजे १.३ किलोमीटर प्रति सेकंद. वारंवारता वाढली तर वायू आपल्याकडे येतोय, तो निळा. घटली तर लांब जातोय, तो लाल. प्रश्न असा, की कशाच्या तुलनेत? सगळा मेघच दीर्घिकेभोवती फिरत असल्यामुळे त्याला स्वतःचा वेग असतो. त्याला मूलवेग म्हणू. लाल आणि निळं हे मूलवेगाच्या दोन बाजूंना मोजायचं असतं.

मूलवेग कार्बन मोनॉक्साइडच्या साध्या रेषेवरून कधीही काढू नका. ती रेषा इतकी अपारदर्शक असते, की मधोमध वायू स्वतःचाच प्रकाश गिळतो आणि एका शिखराऐवजी दोन दिसतात. ज्याने एका शिखराला मूलवेग मानलं त्याची एक पाकळी फुगते आणि दुसरी आक्रसते. मग ‘असममित बहिर्वाहा’चा शोध लागल्याचा आनंद होतो.

त्याऐवजी ऑक्सिजन-१८ वाली रेषा घ्या. ती विरळ असल्यामुळे आरपार दिसते. सातत्यपूर्ण उत्सर्जनाच्या, म्हणजे धुळीच्या, शिखरावर एक छोटं वर्तुळ काढा, त्यातला सरासरी वर्णपट काढा आणि त्यावर गाउसियन बसवा. मध्य मिळेल तो मूलवेग, रुंदी मिळेल ती शांत गाभ्याची खळबळ. मिथाइल सायनाइडची शिडीसारखी रेषामाला खिडकीत असेल, तर तिच्यावरूनही मूलवेग काढून ताडून बघा. दोन उत्तरांत १ किलोमीटर प्रति सेकंदाहून जास्त फरक आला, तर कदाचित एकाच ठिकाणी दोन गाभे आहेत. तसं असेल तर पुढे जाण्याआधी ते सोडवा.

आता पंख, म्हणजे रेषेच्या दोन्ही बाजूंचे पसरट कडेचे भाग, कुठे सुरू होतात ते ठरवायचं. एक साधा नियम: ऑक्सिजन-१८ वाल्या रेषेत जिथपर्यंत उत्सर्जन दिसतं तेवढा वेगाचा पट्टा शांत मेघाचा समजा, त्याच्या बाहेरचं तेवढं बहिर्वाहाचं. आणि पंख कुठे संपतो? उत्सर्जन नसलेल्या वाहिन्यांवरून गोंगाटाचं प्रमाण विचलन काढा. ज्या वाहिनीत संकेत त्याच्या पाचपटीखाली जातो, तिथे थांबा. या चार सीमा नकाशा काढण्याआधी वहीत लिहून ठेवा. चित्र बघून मग सीमा हलवली की डोळ्याला हवं तेच दिसू लागतं.

आकाशगंगेच्या प्रतलात आणखी एक त्रास आहे. आपल्या आणि स्रोताच्या मध्ये असलेले दुसरे मेघ वेगवेगळ्या वेगांवर अरुंद शिखरं किंवा खाचा सोडतात, आणि त्या नेमक्या पंखात येऊन बसतात. ओळखायची खूण: असं शिखर चित्रभर सारखंच पसरलेलं असतं, ताऱ्याभोवती गोळा झालेलं नसतं. त्या वाहिन्या सरळ वगळा आणि वगळल्या असं लिहा.

लाल-निळा नकाशा

निळ्या पंखातल्या वाहिन्या बेरीज करून एक नकाशा, लाल पंखातल्या करून दुसरा, मागे धुळीचं करडं चित्र. कार्टात हे काही क्लिकचं काम आहे. दोन पाकळ्या विरुद्ध दिशांना आणि त्यांच्या मधोमध धुळीचा गाभा दिसला, तर बहिर्वाह बहुधा खरा.

बहुधा म्हणण्याची कारणं आहेत. मोठी फिरती चकतीसुद्धा एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला निळी दिसते. फरक एवढा, की चकतीचा वेग मध्यापासून लांब जाताना कमी होतो, बहिर्वाहाचा बऱ्याचदा वाढतो. म्हणून पाकळ्यांच्या अक्षावर एक काप घेऊन स्थान-वेग आलेख काढा. त्यात टोकाकडे वेग चढत जाणारी पाचर दिसली तर निर्धास्त व्हा.

दुसरी खातरजमा सिलिकॉन मोनॉक्साइडची. शांत मेघात हा रेणू जवळपास नसतो, कारण सिलिकॉन धुळीच्या कणांत अडकलेलं असतं. जोराचा धक्का कण फोडतो, सिलिकॉन मोकळं होतं आणि रेषा उजळते. कार्बन मोनॉक्साइडचा नकाशा गबाळा असेल आणि सिलिकॉन मोनॉक्साइडचा एक अरुंद पट्टा त्यातून आरपार जात असेल, तर अक्षाची दिशा त्या पट्ट्यावरूनच घ्या. माझ्या मते गर्दीच्या भागात सुरुवातच सिलिकॉन मोनॉक्साइडने करावी. वस्तुमान मात्र त्याच्यावरून काढू नये. त्याचं प्रमाण जागोजागी इतकं बदलतं, की तो आकडा कुठे उभाच राहत नाही.

वस्तुमान

घनातला आकडा जान्स्की प्रति झोत या एककात असतो. तो आधी केल्विनमध्ये न्या. सूत्र असं: १२.२२ लाख गुणिले तीव्रता, भागिले वारंवारतेचा (गिगाहर्ट्झमधल्या) वर्ग आणि झोताच्या दोन्ही अक्षांचा (विकलांमधल्या) गुणाकार. २३०.५३८ गिगाहर्ट्झला आणि १ विकला गोल झोताला १ जान्स्की म्हणजे २३ केल्विन. झोत ०.८ बाय ०.६ विकला असेल तर तोच आकडा ४८ होतो.

मग प्रत्येक ठिकाणी पंखातल्या वाहिन्यांची तीव्रता गुणिले वेगाचा पट्टा, अशी बेरीज करा. एकक केल्विन-किलोमीटर प्रति सेकंद. वायू विरळ आणि आरपार दिसणारा आहे असं तूर्त धरलं, तर कार्बन मोनॉक्साइडची स्तंभघनता अशी निघते: १.०८ गुणिले १० चा १३वा घात, गुणिले (तापमान + ०.९२), गुणिले ई चा (१६.६ भागिले तापमान) हा घात, गुणिले ती बेरीज. उत्तर दर चौरस सेंटिमीटरमधल्या रेणूंचं.

तापमान कुठून आणायचं, असा प्रश्न इथे हमखास येतो. त्याची फार चिंता नको. बेरीज १ असताना २० केल्विनला उत्तर ५.२ गुणिले १० चा १४वा घात, ३० ला ५.८ आणि ५० ला ७.७, घात तोच. तापमान अडीचपट केलं तरी उत्तर दीडपटच होतं. ३० धरा आणि तसं लिहा.

हायड्रोजनच्या दर दहा हजार रेणूंमागे कार्बन मोनॉक्साइडचा एक, असं प्रमाण सर्वसाधारणपणे धरतात. हेलियमची भर घातली की ३० केल्विनला सोयीचा आकडा मिळतो: दर चौरस पार्सेकमागे, दर केल्विन-किलोमीटर प्रति सेकंदाला, ०.१३ सौरवस्तुमान.

हिशेबासाठी एक काल्पनिक पाकळी घेऊ. अंतर ३ किलोपार्सेक. तिथे १ विकला म्हणजे ३,००० खगोलीय एकक, किंवा ०.०१४५ पार्सेक. पाकळी ०.५ पार्सेक लांब आणि ०.२ रुंद, क्षेत्रफळ ०.१ चौरस पार्सेक. सरासरी बेरीज १०० केल्विन-किलोमीटर प्रति सेकंद. वस्तुमान ०.१ गुणिले १०० गुणिले ०.१३, म्हणजे १.३ सौरवस्तुमान.

पण वायू आरपार दिसणारा नसतोच. कार्बन-१३ वाल्या रेषेशी गुणोत्तर काढा. सूर्याच्या आसपास साध्या कार्बनचं कार्बन-१३ शी प्रमाण साधारण ६० असतं आणि दीर्घिकेच्या केंद्राकडे ते कमी होत जातं. पंखात दोन रेषांच्या तीव्रतेचं गुणोत्तर ६० ऐवजी १२ मिळालं, तर अपारदर्शकता ५ च्या आसपास आहे आणि वस्तुमान पाचपट करायला हवं. म्हणजे ६.५. शक्य असेल तर ही दुरुस्ती वाहिनीगणिक करा. मूलवेगाजवळ ती मोठी असते आणि टोकाच्या वेगांवर जवळजवळ लागत नाही. सरसकट पाचने गुणलं तर वेगवान वायूची ऊर्जा उगाच फुगते.

संवेग, ऊर्जा, वय

सरासरी वेग मूलवेगाच्या तुलनेत १५ किलोमीटर प्रति सेकंद धरला, तर संवेग सुमारे ९८ सौरवस्तुमान-किलोमीटर प्रति सेकंद, आणि गतिज ऊर्जा १.४५ गुणिले १० चा ४६वा घात अर्ग. खऱ्या कामात सरासरी न घेता दर वाहिनीचं वस्तुमान तिच्या वेगाने, आणि ऊर्जेसाठी वेगाच्या वर्गाने गुणून बेरीज करा.

वयासाठी पाकळीची लांबी भागिले सर्वाधिक वेग. १ पार्सेक अंतर १ किलोमीटर प्रति सेकंदाने कापायला ९.७८ लाख वर्षं लागतात. ०.५ पार्सेक आणि ३० किलोमीटर प्रति सेकंद, म्हणजे सुमारे १६,३०० वर्षं. याला गतिक वय म्हणतात. ते ताऱ्याचं वय समजू नका. पाकळी चित्राच्या चौकटीबाहेर गेली असेल, तर ती फक्त खालची मर्यादा असते.

वस्तुमान भागिले वय: वर्षाला ४ गुणिले १० चा उणे ४था घात सौरवस्तुमान. महाताऱ्यांसाठी १० च्या उणे ५व्या ते उणे ३ऱ्या घातापर्यंतचे आकडे मिळतात, तेव्हा आपण वाटेवर आहोत.

आता मला सगळ्यात आवडणारी तपासणी. संवेग भागिले वय केलं की वर्षाला ०.००६ सौरवस्तुमान-किलोमीटर प्रति सेकंद एवढं बल मिळतं. ताऱ्याचं तेज सूर्याच्या दहा हजारपट धरा आणि त्याला प्रकाशाच्या वेगाने भागा. प्रकाशाचा एकेक कण एकदाच धडकला तर तो देऊ शकेल ते बल एवढं, आणि त्याच एककात ते भरतं ०.०००२. तीसपट कमी. म्हणजे निव्वळ उजेडाच्या दाबाने हा वायू हललेला नाही. चुंबकीय क्षेत्र आणि चकती यांचा हात लागतोच. आकडेमोडीने भौतिकशास्त्रातल्या वादात थेट बोलता येतं अशा जागा फार नसतात, ही एक आहे. तेजाचा आकडा दूर अवरक्त मोजमापांवरून येतो. आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १०० सेंटिमीटरची दुर्बीण हैदराबादहून फुग्याला बांधून वर पाठवली आणि १५०-२०० मायक्रॉनच्या आसपास अशा प्रदेशांचे नकाशे केले, ते याच धुळीच्या उष्णतेचे.

दुरुस्त्या, ज्या टाळल्या तर आकडा फुकट

पहिली, कल. आपण फक्त आपल्या दिशेचा वेग मोजतो. पाकळीचा अक्ष दृष्टिरेषेशी किती कोनात आहे माहीत नसेल, तर सरासरी कोन ५७.३ अंश धरायची पद्धत आहे. मग वेग १.८५ पट होतो, ऊर्जा ३.४ पट, आणि वय ०.६४ पट.

दुसरी, हरवलेला प्रकाश. अल्मासारखा अनेक ॲंटेना जोडलेला व्यतिकरणमापक मोठे, गुळगुळीत आकार बघूच शकत नाही. आपल्या काल्पनिक पाकळीची लांबी ३४ विकला आहे, पण अल्माच्या १२ मीटर ॲंटेनाचं एका नेमात दिसणारं क्षेत्र या वारंवारतेला २५-२७ विकलाच. म्हणजे एक नेम पुरत नाही, शेजारी शेजारी नेम जोडलेलं चित्र हवं, आणि ७ मीटरच्या छोट्या ॲंटेनांची माहिती मिसळलेली असेल तर फारच उत्तम. चित्रात तेजस्वी भागाभोवती काळपट, ऋण आकड्यांचे खळगे दिसले की समजा, प्रकाश हरवला आहे. वस्तुमान मग किमान मर्यादा म्हणूनच लिहा.

तिसरी, अंतर. दीर्घिकेच्या आतल्या भागात एकाच मूलवेगाला दोन अंतरं जुळतात, जवळचं आणि लांबचं. वस्तुमान अंतराच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे ३ च्या जागी १० किलोपार्सेक निघालं तर ते अकरापट होईल. मेसरच्या लंबनावरून अंतर मोजलेलं असेल तर तेच घ्या, आणि नसेल तर दोन्ही अंतरांचे आकडे द्या.

या सगळ्यामुळे अंतिम वस्तुमानाला ‘अधिक-उणे दहा टक्के’ जोडणं शोभत नाही. दोन-तीनपट इकडे तिकडे, असं लिहा. कुणी तीन दशांश स्थळांपर्यंत उत्तर दिलं असेल, तर त्याच्या पद्धतीचा भाग आधी वाचा.

पुढे कुणाला दाखवायचं

पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा ‘नियस’ कार्यक्रम आहे, आणि टाटा संस्थेचा उन्हाळी अभ्यागत विद्यार्थी कार्यक्रम कुलाब्यात चालतो. अशा ठिकाणी अर्ज करताना एक पूर्ण केलेला स्रोत, सीमा लिहिलेली वही आणि चालणारा पायथन कोड सोबत असेल तर बोलणं लगेच मुद्द्यावर येतं.

आणि खोडद. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या १,४५० मेगाहर्ट्झच्या खालीच काम करतात, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड त्यांना दिसत नाही. पण मूळ झोत दिसू शकतो. तापलेल्या आयनीभूत वायूचं उत्सर्जन कमी वारंवारतेला मंद होत जातं, चुंबकीय क्षेत्रातल्या इलेक्ट्रॉनांचं उलट वाढतं. म्हणून झोतात हे दुसरं, सिंक्रोट्रॉन उत्सर्जन शोधायला हा पट्टा फार सोयीचा. एचएच ८०-८१ मध्ये तसं उत्सर्जन जीएमआरटीने टिपलं आहे, आणि तो स्रोत खोडदहून आकाशात ५० अंशांपर्यंत वर येतो. वेळेसाठीचे अर्ज वर्षातून दोनदा मागवतात. विद्यार्थ्याने मार्गदर्शकासोबत करावा. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे सगळ्यांना प्रवेश असतो. मुंबईहून कल्याण, मुरबाड, माळशेज, आळेफाटा या रस्त्याने जा, आणि तुमच्या स्रोताचे निर्देशांक व लाल-निळा नकाशा छापून खिशात ठेवा. तिथल्या माणसांना ‘१.४ गिगाहर्ट्झला इथे काही दिसेल का?’ एवढंच विचारा.